पातळ पत्र्याची उंच कणगी

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मराठी शिकवणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा तरी फळ्यापाशी उभे राहून समजावून द्यावा लागतो. पेव आता मुलांनी पाहिलेले नसते. जमिनीत खणलेला, अरुंद तोंडाचा खोल खड्डा. आतून शेणामातीचा लेप, मग गवताचा थर, मग धान्य, आणि वर तोंड लिंपून बंद! इतके वर्णन झाले की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच : “सर, मग ते फुटते कसे?” प्रश्न रास्त आहे. चहूबाजूंनी जमिनीने घट्ट धरून ठेवलेल्या पेवाला फुटायला जागाच कुठे आहे? सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांची नासाडी झाली. पण तो पाण्याचा घाला होता, हळदीच्या भाराने काही पेव फुटले नव्हते.

मौज अशी, की आज बंदरावर, सिमेंटच्या कारखान्यात, पिठाच्या गिरणीत जे उंचच उंच पोलादी नळकांडे उभे दिसते, ज्याला आपणही आता बिनदिक्कत ‘सायलो’ म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ पेवच! स्पॅनिश भाषेत सिलो म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा. इंग्रजीने तो शब्द घेतला आणि पुढे केव्हातरी खड्डा जमिनीतून वर आला. शब्द तोच राहिला, पण चहूबाजूंनी आधार देणारी जमीन मात्र सुटली. उरला एक पत्रा. आणि हे पेव मात्र खरोखर फुटते. ९ जानेवारी २०२५ रोजी छत्तीसगडमधील मुंगेली जिल्ह्यात एका पोलाद कारखान्यातला सायलो कोसळला आणि त्याखाली सापडून चार माणसे गेली.

जमिनीच्या वर धान्य साठवायचे, तर आपल्या पूर्वजांपुढे दोन वाटा होत्या. एक कणगीची : बांबूच्या कामट्या विणायच्या, शेणाने सारवायचे, आणि घरापुरते धान्य भरायचे. दुसरी राजेरजवाड्यांची : भिंत इतकी जाड बांधायची, की विचारच करायला नको. पन्हाळगडावरचा अंबरखाना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांच्या भिंती आठवतील. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. पाटण्याचा गोलघर तर या वाटेचे टोकच म्हणावा. १७७० च्या दुष्काळाने हबकलेल्या कंपनी सरकारने कॅप्टन जॉन गार्स्टिन याच्याकडून १७८६ साली तो बांधून घेतला. उंची २९ मीटर आणि तळाशी भिंतीची जाडी साडेतीन मीटरांहून अधिक! एवढे करून तो कधी पुरता भरला गेला नाही, हा भाग वेगळा.

आता याच्या शेजारी एक पोलादी सायलो कल्पनेने उभा करू. व्यास दहा मीटर, उंची वीस मीटर. म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढा. यात सुमारे साडेबाराशे टन गहू मावतो. याची भिंत किती जाड असेल? अगदी तळाशी आठ मिलिमीटरच्या घरात. वर वर जावे तसतशी आणखी पातळ. तीसेक टन पोलाद साडेबाराशे टन गव्हाला कवेत घेऊन उभे असते. कोंबडीच्या अंड्याचे कवच आपण नाजूकपणाची परिसीमा मानतो. पण अंड्याच्या आकारमानाशी कवचाच्या जाडीचे जे प्रमाण असते, त्याच्या मानाने हा सायलो दसपट पातळ आहे. शीतपेयाचा अॅल्युमिनियमचा डबाही त्याच्यापुढे दुप्पट दणकट ठरेल.

हे सगळे मला कोठून कळले, असे वाचक विचारतील. माझा एक जुना विद्यार्थी मराठीत कसाबसा उत्तीर्ण होऊन पुढे स्थापत्यशास्त्राकडे वळला आणि आता अशाच कोठारांचे हिशेब तपासतो. तो म्हणाला, “सर, लोकांना वाटतं सायलो आतून फुगून फाटेल. पण आम्हाला भीती वाटते ती तो उभ्याउभ्या चेपण्याची.” त्याच्या या वाक्याची उकल करण्यासाठी पुष्कळ वाचावे लागले; आणि वाचता वाचता विषय इतका रंगला, की ललित लेखाचा विषय बाजूला ठेवून मी हा लेख लिहायला घेतला.

धान्य हे पाणीही नव्हे आणि दगडही नव्हे. पाण्याने भरलेल्या टाकीत जितके खोल जावे तितका दाब वाढत जातो. पूर्वीच्या बांधकामवाल्यांना वाटे, धान्याचेही तसेच असणार. ही समजूत प्रथम तपासून पाहणाऱ्यांत इंग्लंडमधला आयझॅक रॉबर्ट्स हा एक होता. हा गृहस्थ व्यवसायाने इमारती बांधणारा. हौस मात्र आकाशाची. देवयानी नक्षत्रातील तेजोमेघाचे सर्पिल रूप दाखवणारे पहिले छायाचित्र १८८८ साली घेतले ते यानेच. त्याच्या चार वर्षे आधी त्याने गव्हाने भरलेल्या उंच कोठ्यांच्या तळावर किती दाब येतो, हे मोजून रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. कोठी कितीही भरा, तळावरचा दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, असे त्याला आढळले. पुढे १८९५ साली यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने चौकोनी नमुना-कोठ्या करून, तळ भिंतींपासून सुटा ठेवून तो तराजूने तोलला, आणि जे दिसले ते एका सूत्रात बसवले. आज सव्वाशे वर्षांनंतरही सायलोचा हिशेब या यान्सेनच्या सूत्रापासूनच सुरू होतो.

तळावर पडत नाही, ते वजन जाते कुठे? ते भिंतीला लटकते! गव्हाचा दाणा शेजारच्या दाण्याला रेटतो, तो त्याच्या शेजारच्याला. शेवटचा दाणा भिंतीला टेकतो आणि घर्षणाने तिला घट्ट धरतो. गर्दीच्या लोकलमध्ये ज्याने दाराजवळचा दांडा धरला आहे, त्याच्यावर साऱ्या डब्याचा भार येतो, तसलाच हा प्रकार. आपल्या काल्पनिक सायलोचा ठोकळ हिशेब केला, तर साडेबाराशे टनांपैकी जवळजवळ निम्मे, म्हणजे सव्वासहाशे टन, भिंत पेलते. तेवढाच उंच पाण्याचा स्तंभ असता, तर तळाजवळ भिंतीच्या दर चौरस मीटरवर वीस टनांचा रेटा आला असता. गव्हाचा रेटा येतो फक्त चार टन. किती सोय झाली, असे वाटते ना? पण बाहेरचा रेटा कमी झाला त्याची किंमत भिंतीने खांद्यावर ओझे घेऊन मोजलेली असते. हाच सायलो दुप्पट उंच केला, तर तळाजवळचा आडवा रेटा एकपंचमांशानेच वाढेल. भिंतीवरचे उभे ओझे मात्र जवळजवळ तिप्पट होईल.

आणि इथेच खरी मेख आहे. आपल्या सायलोच्या तळाशी पत्र्याच्या दर मीटर लांबीवर बाहेर फाडू पाहणारा ताण सुमारे वीस टनांचा येतो. आणि वरून खाली चेपणारे ओझेही दर मीटरला सुमारे वीस टनच. म्हणजे परिघाच्या प्रत्येक मीटरवर चार-पाच हत्ती उभे. दोन्ही आकडे सारखे. पहिल्या ताणाला तोंड द्यायला दीड मिलिमीटरचा पत्रा ठोकळमानाने पुरतो. दुसऱ्या ओझ्याला आठ मिलिमीटर लागतो! पोलाद तेच, भार तोच. पण ओढण्यात आणि चेपण्यात एवढा फरक.

याची साक्ष घरच्या घरी काढता येते. वहीच्या कागदाची सुरळी करून ती उभी ठेवा. तिच्यावर एखादे जाडजूड पुस्तक सहज राहते. शीतपेयाच्या रिकाम्या डब्यावर अलगद, सरळ उभे राहिले, तर तो चक्क माणूस पेलतो. पण तेवढ्यात कोणी दोन्ही बाजूंनी त्याला नुसती टिचकी मारली, की क्षणात त्याची चकती होते. (प्रयोग करणाऱ्यांनी बोटे वेळीच मागे घ्यावीत.) डबा मोडला तो धातू कमकुवत होता म्हणून नव्हे, त्याचा आकार बिघडला म्हणून.

विमाने आली, तेव्हा हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. पातळ नळकांडे किती ओझे पेलेल, याचे गणित विसाव्या शतकाच्या आरंभीच पुस्तकात आले होते. सूत्र देखणे होते, पण प्रयोगशाळेतली नळकांडी त्याला अजिबात जुमानत नसत. सूत्राने सांगितलेल्या ओझ्याच्या तिसऱ्या, चौथ्या, कधी पाचव्या हिश्शालाच ती मुरडून पडत. आणि एकासारखी दिसणारी दुसरी भलत्याच ओझ्याला पडे. याचे मर्म सांगितले ते हॉलंडच्या कोइटर याने. जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये युद्धकाळात त्याने काम केले, आणि १९४५ साली डेल्फ्टला आपला प्रबंध सादर केला. तो होता डच भाषेत. इंग्रजी जाणणाऱ्या जगाचे त्याच्याकडे लक्ष जायला पुढे बरीच वर्षे लागली. मातृभाषेत शास्त्र लिहावे की लिहू नये, या आपल्याकडच्या सनातन वादात दोन्ही पक्षांनी हे उदाहरण खुशाल वापरावे!

कोइटरने दाखवले ते असे : पत्रा अगदी निर्दोष गोल असेल तर सूत्र खरे. पण त्याला डोळ्याला धड न दिसणारा पोचा असला, पत्र्याच्या जाडीएवढा जरी आत-बाहेर असला, तरी त्याची ताकद धाडकन खाली येते. आपल्या सायलोचा पोचा म्हणजे दहा मीटर रुंदीच्या नळकांड्यावर आठ मिलिमीटरचा खळगा. दोन पत्रे डागून जोडले, की सांध्यापाशी तेवढा तर हमखास पडतो. पुस्तकी सूत्राप्रमाणे आपला आठ मिलिमीटरचा पत्रा अंगावरच्या ओझ्याच्या सात-आठ पट पेलायला हवा. प्रत्यक्षात या पोच्यांचा हिशेब धरला, की हाती उरते ती जेमतेम दीड पट. सायलो बांधणारा कारागीर सांधा कसा बसवतो, यावर म्हणूनच अभियंत्याच्या कागदावरच्या गणिताइतकेच अवलंबून असते.

भिंतीला एक मित्रही असतो; तो म्हणजे आतला गहूच. फुगवलेल्या चेंडूला सहजासहजी पोचा पडत नाही, तशी आतून रेटलेली भिंत ताठ राहते. मात्र मैत्रीचाही अतिरेक होतो. अगदी तळाशी रेटा फार झाला, तर पत्रा आधी बाहेर फुगतो आणि मग वरच्या ओझ्याने त्या फुगवट्यावर बसकण मारतो. तळाभोवती एक जाड वळकटी उठते. अभियंते तिला ‘हत्तीचा पाय’ म्हणतात. १९६४ च्या अलास्कातील भूकंपात कितीतरी तेलाच्या टाक्यांना असे हत्तीपाय झाले होते.

पन्हळी पत्र्याचे सायलो असतात, त्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या पन्हळी आडव्या असतात. त्यामुळे पत्रा गोलाईत उत्तम ताण घेतो, पण उभे ओझे त्याच्यावर टाकले तर हार्मोनियमच्या भात्यासारखा मिटेल. म्हणून त्याला बाहेरून उभ्या पोलादी पट्ट्या नटबोल्टांनी जोडतात आणि सगळे ओझे त्यांच्यावर जाते. शहरातल्या बांधकामांवर सिमेंटचे छोटे सायलो चार पायांवर उभे असतात, त्यांचे दुखणे आणखी वेगळे : साऱ्या परिघावर पसरलेले ओझे चार ठिकाणी गोळा व्हायचे असते, आणि नेमका पायाच्या वरचा पत्रा आधी चेपतो. मग तिथे एक भक्कम कडे बसवावे लागते. रिकाम्या सायलोला वाऱ्याची भीती असते ती वेगळीच. कारण आतून ताठ धरणारा गहू तेव्हा नसतो.

पण आतापर्यंत सांगितले ते सारे भरून शांत उभ्या असलेल्या सायलोबद्दल झाले. संकट येते ते बहुधा तो रिकामा होताना. खालचे दार उघडले की वर्षभर निश्चल असलेला तो ढीग हलू लागतो. दाण्यांची आपापसातली धरपकड बदलते. भिंतीवरचा रेटा काही ठिकाणी भरताना होता त्याहून जास्त होतो. कधी धान्य नुसते मधूनच वाहते आणि कडेचे तसेच उभे राहते. कधी वाटेत कमान बनते, खाली पोकळी होते, आणि मग ती कमान एकदम ढासळली की छप्पर आत ओढले जाते. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत युटा विद्यापीठात काम केलेल्या अँड्र्यू जेनिके याने १९६१ आणि १९६४ साली दोन पुस्तिका काढल्या. तळाच्या नरसाळ्याचा उतार किती हवा, दार किती रुंद हवे, म्हणजे सगळा माल एकसारखा खाली सरकेल, हे त्याने मोजून सांगितले. तोवर हे सारे अंदाजपंचे दाहोदरसे चालले होते.

सगळ्यांत घातक गोष्ट मात्र ऐकायला अगदी साधी आहे : दार मधोमध नसून एका कडेला असणे. मालमोटार लावायला सोय म्हणून कोणी बाजूला एक दार पाडतो. किंवा तीन दारांपैकी दोन तुंबतात आणि एका कडेचेच चालू राहते. मग त्या कडेने, भिंतीला लागून, धान्याचा एक उभा ओढा वाहू लागतो. ओढ्यातले धान्य सैल, म्हणून तिथे भिंतीवरचा रेटा कमी होतो. सर्वसामान्य बुद्धीला वाटेल, रेटा कमी झाला, बरे झाले. होते नेमके उलटे! बाकी सगळीकडून रेटा आणि एका पट्ट्यात तो नाही, म्हणजे गोल नळकांडे गोल राहत नाही; त्या पट्ट्यात ते आत सपाट होऊ पाहते. आजूबाजूचे उभे ओझे तिथे एकवटते. आणि ज्या आतल्या रेट्याने भिंत ताठ होती, तो मित्र ऐन वेळी तिथून निघून गेलेला असतो. दाब वाढल्याने नव्हे, तर कमी झाल्याने सायलो चेपतो तो असा. हा हिशेब इतका गुंतागुंतीचा, की युरोपच्या मानकात त्याला सविस्तर जागा मिळाली ती २००६ साली. आपल्याकडे पोलादी कोठारांचे आय. एस. ९१७८ हे मानक १९७९ सालचे. त्याचा शेवटचा भाग १९८० साली आला.

हे सांगण्याचे कारण असे, की आपल्याकडे आता असे सायलो वाढणार आहेत. पंजाबातील मोगा आणि हरियाणातील कैथल येथे या शतकाच्या पहिल्या दशकात अन्न महामंडळाच्या गव्हासाठी प्रत्येकी दोन लाख टनांची पोलादी कोठारे उभी राहिली. ताडपत्रीखाली उघड्यावर रचलेल्या पोत्यांची पद्धत बंद करून सायलो बांधावेत, असे शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ मध्ये सुचवले. उंदीर, बुरशी आणि पाऊस यांच्या तोंडी जाणारे धान्य वाचणार असेल, तर यापरते चांगले काय? पण पोत्यांची थप्पी चुकीची रचली तर दहा पोती घसरतात. इथे गाठ साडेबाराशे टनांशी आहे. कोणत्या दारातून आधी काढायचे आणि कोणत्या दाराला हात लावायचा नाही, हे दारावरच्या माणसाला त्याच्या भाषेत लिहून दिलेले असले पाहिजे.

आणि तो माणूस आत उतरता कामा नये, हे तर आधी. जुन्या काळी पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आत कोंडलेल्या वायूने माणूस गुदमरतो, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असे. सायलोत धोका निराळा. खालचे दार उघडे असताना वरच्या धान्यावर पाय ठेवला, तर काही क्षणांत माणूस गुडघ्यापर्यंत आणि मग कमरेपर्यंत खाली जातो. कमरेपर्यंत रुतलेल्याला दोघा-चौघांनी हात धरून ओढले तरी तो निघत नाही. ज्या घर्षणाने गहू भिंतीला लटकतो, तेच घर्षण माणसालाही धरून ठेवते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठ अशा अपघातांची नोंद गेली कित्येक दशके ठेवत आहे.

माझ्या विद्यार्थ्याला विचारले, एखाद्या कारखान्यात गेल्यावर तू आधी काय पाहतोस? नकाशे? तो हसला. म्हणाला, “आधी नरसाळ्याला एक फेरी मारतो सर. हातोड्याच्या खुणा किती आहेत ते बघतो.” माल तुंबला की खालचा कामगार मोठा हातोडा घेऊन पत्र्यावर चार घाव घालतो. माल सुटतो; साहेबांचे काम होते. प्रत्येक घावाचा एक पोचा पडतो. पोच्यावर आतून माल पुन्हा अडकतो, म्हणून पुढच्या वेळी घाव अधिक घालावे लागतात, आणि पोचेही अधिक पडतात. जुन्या सायलोच्या अंगावर माणसाच्या डोक्याच्या उंचीला या खळग्यांचा एक पट्टाच उठलेला असतो, देवी आलेल्या चेहऱ्यासारखा. कित्येकदा ते घाव नरसाळ्याच्या वर, उभ्या भिंतीवरही पोचलेले असतात. आणि आत किती टन माल आहे, हे घाव घालणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.